तालुक्याच्या गावातून डेव्हलपर कॉन्फरन्सला: जायचं कसं, बोलायचं कसं

विदर्भातल्या पुसद, रिसोड, मूल, अर्जुनी मोरगाव अशा गावांत बसून कोड लिहिणारी पोरं-पोरी आता बऱ्याच आहेत. कुणी जिनिंगवाल्याचं बिलिंग सांभाळतं, कुणी पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, कुणी घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करतं. पण कॉन्फरन्सचं, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या संमेलनाचं, नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं: "आपून जाऊन काय करणार तिथं? मोठ्या लोकायचं काम हाय ते." हा लेख अशांसाठी आहे. आधी नुसतं जाणं, मग तिथं उभं राहून बोलणं, या क्रमानं सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा सल्ला तिच्यावर बेतलेला आहे. नव्या फ्रेमवर्कची तोंडओळख कॉन्फरन्सला येणाऱ्या लोकांना यूट्यूबवर हवी तेवढी मिळते. रेंज नसताना, लाइट गेलेली असताना आणि समोरच्या माणसाच्या हातात पाच वर्षांपूर्वीचा मोबाइल असताना तुमचं सॉफ्टवेअर कसं चाललं, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. ते तुम्ही सांगू शकता.

आधी कॉन्फरन्स निवडा

आपल्या भागातून जाता येईल असे प्रकार साधारण तीन-चार आहेत. गूगल डेव्हलपर ग्रुप, म्हणजे जीडीजी, शहरोशहरी डेव्हफेस्ट नावाची कॉन्फरन्स भरवतात. नागपुरातही जीडीजी आहे. यांचा हंगाम बहुतेक दिवाळीच्या आगेमागे असतो. वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्यांसाठी वर्डकॅम्प. पहिला वर्डकॅम्प २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोला झाला, आता जगभर होतात, नागपुरातही झालेला आहे, आणि २०२६ च्या वर्डकॅम्प एशियासाठी मुंबईची निवड झाली. पायथॉन भाषेत कोड लिहिणाऱ्यांची पायकॉन इंडिया २००९ साली बेंगळुरूत सुरू झाली आणि तेव्हापासून शहरं बदलत फिरते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये रस असेल तर फॉस युनायटेड या संस्थेची इंडियाफॉस बेंगळुरूला होते.

पहिल्याच वेळी बेंगळुरू गाठू नका. एक दिवसाची, जवळची, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घरी परतता येईल अशी निवडा. आणि 'जवळची' म्हणजे नागपूरच असं धरून चालू नका. बुलढाण्याच्या माणसाला छत्रपती संभाजीनगर नागपूरपेक्षा निम्म्याहून कमी अंतरावर आहे. खामगाव-शेगावकडच्यांना रेल्वेमुळे नाशिकही अवघड नाही. विदर्भाचं म्हणून विदर्भातलंच, हा हट्ट इथं कामाचा नाही.

कॉन्फरन्स खरी आहे की नुसती जत्रा, हे वेळापत्रकावरून कळतं. वक्त्यांच्या नावापुढे फक्त पदं असतील आणि विषयात 'भविष्य', 'क्रांती', 'प्रेरणा' असले शब्द असतील तर सोडून द्या. विषयाच्या नावातच एखादी अडचण दिसत असेल, उदाहरणार्थ 'आमचा डेटाबेस रात्री दोन वाजता का बसायचा', तर जायला हरकत नाही.

आणखी एक फसगत आपल्याकडे फार चालते. कॉलेजच्या पोरांना ईमेल येतात: 'आंतरराष्ट्रीय परिषद, पेपर पाठवा, प्रकाशन शुल्क एवढे, सर्टिफिकेट मिळेल.' ते प्रकरण वेगळं आहे. डेव्हलपर कॉन्फरन्समध्ये बोलण्यासाठी वक्त्याकडून पैसे घेत नाहीत. जिथं बोलण्याचे पैसे मागतात तिथं अर्जच करू नका.

त्याआधी एक मीटअप

मीटअप म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी भरणारी छोटी बैठक. वीस-तीस माणसं, एखाद्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या हॉलमध्ये, दोन टॉक आणि चहा. अमरावती, अकोला, यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत विद्यार्थ्यांचे क्लब असतात. गूगलच्या कॉलेजातल्या क्लबांना २०२४ पासून 'जीडीजी ऑन कॅम्पस' म्हणतात. तुम्ही तिथले विद्यार्थी नसाल तरी विचारून बघा. बाहेरचा माणूस स्वतःहून बोलायला येतो म्हटल्यावर ते बहुतेक नाही म्हणत नाहीत. पहिलं बोलणं तिथं झालं तर सर्वांत बरं.

तिकीट, रजा, गाडी

डेव्हफेस्टसारख्या कार्यक्रमांचं तिकीट पुष्कळदा फुकट किंवा नाममात्र असतं. पण फुकट म्हणजे प्रवेश पक्का असं नाही. आधी नोंदणी, मग आयोजकांकडून होकाराचा ईमेल, असे दोन टप्पे असतात. दुसरा ईमेल आल्याशिवाय गाडीत बसू नका, आणि तो स्पॅममध्ये गेलाय का ते बघा. मोठ्या कॉन्फरन्सचं तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं, विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर असतो, आणि पायकॉन इंडियासारख्या ठिकाणी ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी आर्थिक मदतीचा अर्जही असतो. तो अर्ज भरताना लाजायचं काही कारण नाही. कुठून येणार, प्रवासाला किती लागतात, कॉन्फरन्समधून काय शिकायचंय, हे सरळ चार ओळींत लिहा. 'मी अत्यंत गरीब कुटुंबातील' वगैरे लिहायची गरज नसते.

आपल्या भागाची खरी अडचण तारखांची आहे. कॉन्फरन्सचा दिवाळीच्या आगेमागचा हंगाम म्हणजे सोयाबीन काढणीचा आणि कापूस वेचणीचाही हंगाम. घरचं वावर असेल तर 'शनिवारी कुठं चालला?' हा प्रश्न येणारच. त्यामुळे तारीख जाहीर झाली की घरी त्याच दिवशी सांगा; आदल्या रात्री सांगून भागत नाही. दिवाळीच्या मागेपुढे रेल्वेचं तिकीट मिळत नाही, ही दुसरी अडचण. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी ते १२० दिवस होतं. बोलायला निवड झाली की नाही हे कळेपर्यंत थांबलात तर वर्धा, बडनेरा किंवा अकोल्याहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या भरून गेलेल्या असतात. आधी काढून ठेवा, नाही जमलं तर रद्द करा. रद्द करण्याचा भुर्दंड ट्रॅव्हल्सच्या दिवाळी भाड्यापेक्षा कमीच पडतो.

नागपूरला जायचं असेल तर अंतर मोजून ठरवा. वर्धा, भंडारा, उमरेडवाल्यांनी सकाळी निघावं. गडचिरोली, उमरखेड, मेहकरवाल्यांनी आदल्या रात्रीच पोहोचावं, कारण नोंदणी सकाळी नऊला सुरू होते आणि पहिली एसटी धरूनही ते जमत नाही. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे, ते खर्चाच्या हिशोबात धरा. मुक्काम मामाकडे की लॉजवर, हे कार्यक्रमाची जागा बघून ठरवा. मिहानमध्ये कार्यक्रम आणि मामा कामठी रोडला, असं असेल तर सकाळचा तास-दीड तास रस्त्यातच जाईल. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना मिळतात, म्हणून बर्डीच्या आसपास उतरलं की कुठंही जाणं सोपं.

तिथला दिवस

बॅगेत चार्जर, पाण्याची बाटली, स्वेटर (सभागृहातला एसी आपल्याला सोसत नाही) आणि एक वही. कपड्यांची काळजी नको. तिथं निम्मे लोक टी-शर्टात असतात. कोट-टाय घालून गेलात तर लोक तुम्हाला प्रायोजक कंपनीचा माणूस समजतील.

एकाच वेळी दोन-तीन सभागृहांत टॉक चालू असतात. सगळे ऐकायची धडपड करू नका. सकाळी वेळापत्रक बघून तीन टॉकवर खूण करा, त्यातलाही एखादा मध्येच सोडावासा वाटला तर मागच्या दाराने निघा, कुणी वाईट वाटून घेत नाही. बहुतेक टॉकचे व्हिडिओ नंतर येतात. वर्डकॅम्पचे वर्डप्रेस टीव्हीवर येतात, पायकॉन इंडियाचे यूट्यूबवर. जे व्हिडिओत येत नाही ते बाहेरच्या व्हरांड्यात चालू असतं. चहाच्या टेबलाशी कोण कुठल्या अडचणीत आहे, कुठली कंपनी घरून काम देते, कुठल्या कोड-लायब्ररीच्या नादी लागू नये, हे सगळं तिथं कळतं.

पण व्हरांड्यात अनोळखी घोळक्यात शिरायचं कसं? एक साधी युक्ती आहे. नुकत्याच ऐकलेल्या टॉकबद्दल विचारा: "तो कॅशिंगचा भाग तुम्हाला पटला का?" नाव, गाव, कॉलेज ही चौकशी नंतर आपोआप येते. गाव विचारलं तर गाव सांगा. 'नागपूरजवळ' म्हणून वेळ मारून नेऊ नका. "दारव्हा, यवतमाळ जिल्हा" म्हटलं की समोरचा हमखास पुढचा प्रश्न विचारतो, आणि गप्पा तिथूनच सुरू होतात. आणि सगळ्यांना 'सर-सर' करू नका. या मंडळींत नावानं हाक मारायची पद्धत आहे. एकदम जड जात असेल तर 'अमुकभाऊ', 'तमुकताई' म्हणा, तेही खपून जातं.

बहुतेक चांगल्या कॉन्फरन्सना आचारसंहिता असते आणि तक्रार कुणाकडे करायची त्यांचे नंबर दिलेले असतात. मुलींनी ते नंबर सकाळीच मोबाइलमध्ये घालून ठेवावेत. कुणी नको तितकी सलगी करत असेल तर आयोजकांना सांगणं हा आगाऊपणा नाही, त्यांनीच ती सोय केलेली असते. संध्याकाळची पार्टी चुकली तरी बिघडत नाही. शेवटची सोयीची एसटी गाठणं जास्त महत्त्वाचं.

आता बोलायचं: विषय

सॉफ्टवेअर बसवताना काय आडवं आलं, ते आठवा. ज्यावर तुमचे दोन दिवस गेले आणि ज्याचं उत्तर गूगलवर धड सापडलं नाही, तो विषय. आपल्याकडे असे विषय किती आहेत ते दोन उदाहरणांत दाखवतो.

शेतकऱ्यांना एसएमएस पाठवायचाय. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत मात्र फक्त ७०. मेसेज त्याहून लांबला की त्याचे तुकडे होतात आणि मग एका तुकड्यात ६७ च मावतात. त्यातही यंत्राचं मोजणं वेगळं. 'चंद्रपूर' या शब्दात आपल्या डोळ्यांना चं, द्र, पू, र अशी चार अक्षरं दिसतात. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची कॉम्प्युटरची अक्षरपद्धत, मोजतं आठ: च, अनुस्वार, द, हलन्त, र, प, दीर्घ उकार, र. म्हणजे बाजारभावाचा मेसेज मराठीत लिहिला की खर्च दुप्पट-तिप्पट. आता मेसेज छोटा कसा करायचा, गावांची नावं कुठं तोडायची, तोडताना जोडाक्षर मधोमध चिरलं जाणार नाही याची काळजी कशी घ्यायची, यावर पंचवीस मिनिटं सहज जातात. आणि हे ऐकायला तमिळ, बंगालीवालेही येतील, कारण त्यांचंही दुखणं हेच आहे.

दुसरं: पतसंस्थेत किंवा ग्रामपंचायतीत पडलेल्या जुन्या फाइली. कृतिदेवसारख्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण फाइलच्या आत असतात इंग्रजी अक्षरं. त्यात 'देशमुख' शोधलं तर एकही देशमुख सापडत नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांची जागा हमखास चुकते. हे काम ज्यानं केलंय त्याच्याकडे टॉक तयारच आहे, फक्त त्याला ते ठाऊक नसतं.

दूध संकलनाचं ऑफलाइन ॲप, बाजार समितीतल्या काटापट्टीची छपाई, दोन मोबाइलवर वेगवेगळ्या नोंदी झाल्यावर त्या जुळवायच्या कशा: यादी तुम्हीच वाढवा.

प्रपोजल लिहिणं

कॉन्फरन्सच्या आधी काही महिने 'कॉल फॉर प्रपोजल्स' निघतो, बोलताना सगळे 'सीएफपी' म्हणतात. सेशनाइझ किंवा प्रीटॅल्क्ससारख्या साइटवर फॉर्म भरायचा असतो: शीर्षक, दोन-तीन परिच्छेदांचा सारांश, वेळ, तुमची ओळख. निवडणारे स्वयंसेवक असतात, दिवसभराचं काम आटोपून रात्री शंभरेक प्रपोजलं वाचत बसलेले. काही ठिकाणी पहिल्या फेरीत त्यांना तुमचं नावगाव दिसतही नाही. आयआयटीवाला आणि आयटीआयवाला त्या फेरीत सारखेच.

नमुन्यादाखल दोन प्रपोजलं बघा, विषय साधारण एकच. पहिलं असं:

'कृषी क्षेत्रात आधुनिक तंत्रज्ञान. या सत्रात एआय, आयओटी आणि क्लाउडच्या साहाय्याने शेतीत बदल कसा घडवता येईल याचा आढावा घेतला जाईल.'

दुसरं असं:

'सातबाऱ्यावरचं १.०५ आणि डेटाबेसमधलं १.५. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन भागांत असतं. एक हेक्टर पाच आर तिथं १.०५.०० असं लिहितात. बोलताना शेतकरी "एक पॉइंट पाच" म्हणतो, ऑपरेटर १.५ टाइप करतो आणि सॉफ्टवेअर त्याला एक हेक्टर पन्नास आर समजतं. फरक ४५ आरचा, म्हणजे एकराहून जास्त. ही चूक कुठलाही व्हॅलिडेशन नियम पकडत नाही, कारण दोन्ही आकडे बरोबर दिसतात. या टॉकमध्ये नोंदीचा फॉर्म कसा बदलायचा, एकर-गुंठ्यांचं रूपांतर कुठं करायचं आणि आधीच चुकलेल्या नोंदी कशा हुडकायच्या ते सांगेन. ऐकणाऱ्याला डेटाबेसची जुजबी माहिती पुरे; शेतीची माहिती नसली तरी चालेल.'

पहिलं वाचून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दुसऱ्यात तो '४५ आर' वर थांबतो, मनातल्या मनात स्वतःच्या प्रोजेक्टमधला असाच घोळ आठवतो, आणि 'हो' वर टिचकी मारतो. शेवटचं वाक्यही बिनकामाचं नाही: कुणासाठी आहे आणि काय येत असायला हवं, हे कळलं की निवडणाऱ्याला टॉक कुठल्या सभागृहात टाकायचा ते ठरवता येतं.

फॉर्ममध्ये 'आउटलाइन' नावाचा रकाना असतो, तिथं मिनिटं मांडा. पंचवीस मिनिटांचा टॉक असेल तर: अडचण काय होती ४, चूक प्रत्यक्ष दाखवणं ६, बदललेला फॉर्म ५, जुन्या नोंदी शोधणं ६, प्रश्न ४. एवढ्यावरून माणसानं तयारी केली आहे हे कळतं. ओळखीच्या रकान्यात 'तंत्रज्ञानाची आवड असलेला उत्साही तरुण' लिहू नका. 'आर्णी तालुक्यात बियाणे विक्रेत्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर लिहितो' हे पुरेसं आहे आणि जास्त वजनदारही.

प्रपोजल बहुतेक ठिकाणी इंग्रजीत द्यावं लागतं. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत. एआयकडून भाषा दुरुस्त करून घेतली तर चालेल, पण अख्खं लिहून घेतलंत तर ते वरच्या पहिल्या नमुन्यासारखंच होईल. निवडणाऱ्यांनी तसली गठ्ठ्यानं पाहिलेली असतात.

पूर्ण टॉकची धास्ती वाटत असेल तर लायटनिंग टॉक मागा. पाच मिनिटांचा असतो, नावं पुष्कळदा त्याच दिवशी फळ्यावर लिहून घेतात. नापसंती आली तर आयोजकांना ईमेल करून कारण विचारा, काही जण आवर्जून सांगतात. तेच प्रपोजल थोडं सुधारून दुसरीकडे पाठवायला कुणाचीही आडकाठी नसते.

परवानगीचं एक काम

निवड झाली की स्लाइडच्या आधी हे करा. ज्याचं सॉफ्टवेअर आहे त्या मालकाला विचारा, शक्यतो व्हॉट्सॲपवर लेखी. जिनिंगवाल्या शेठला आपली उलाढाल पडद्यावर दिसलेली आवडणार नाही. खऱ्या शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक, आधार, मोबाइल नंबर यातलं काहीही स्लाइडवर येऊ देऊ नका. खोटा डेटा बनवा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झालाय. पण कायद्याचं जाऊ द्या, तो माणूस तुमच्या ओळखीचा आहे आणि त्याची जमीन किती, कर्ज किती, हे शंभर जणांसमोर मांडायचा तुम्हाला अधिकार नाही.

भाषा

सर्वांत जास्त धडधड होते ती इंग्रजीची. नागपुरातल्या कार्यक्रमांत हिंदी-इंग्रजी-मराठीची मिसळ सर्रास चालते. आयोजकांना आधीच विचारा: "मी हिंदीत बोललो तर चालेल ना?" दक्षिणेत किंवा देशपातळीवरच्या कॉन्फरन्समध्ये इंग्रजी लागते, पण तिथंही छोटी-छोटी वाक्यं पुरतात. स्लाइड इंग्रजीत, बोलणं जमेल तसं. उच्चारावरून कुणी हसत नाही. टॉक भरकटला की मात्र लोक मोबाइल काढतात.

स्लाइड आणि डेमो

अक्षरं मोठी ठेवा. लॅपटॉप टेबलावर ठेवून सात-आठ पावलं मागं जा, वाचता येतं का बघा. कोडच्या एका स्लाइडवर दहा-बारा ओळींच्या वर नको. काळ्या पार्श्वभूमीवरचा कोड घरी छान दिसतो, पण उजेड असलेल्या हॉलमधल्या जुन्या प्रोजेक्टरवर दिसत नाही. पांढरी पार्श्वभूमी घ्या.

देवनागरीचं विशेष सांगायला हवं. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर स्लाइड उघडल्या की फॉन्ट बदलतो आणि जोडाक्षरं तुटतात. म्हणून पीडीएफ करून पेनड्राइव्हवर ठेवा, आणि स्वतःला ईमेलही करून ठेवा. टर्मिनलमध्ये मराठी मजकूर दाखवणार असाल तर आधी तपासा. पुष्कळ टर्मिनलांत मात्रा आणि वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. तिथं स्क्रीनशॉट लावणं शहाणपणाचं.

डेमो इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. सभागृहातलं वाय-फाय पाचशे लोक वापरत असतात. आपल्याला तर बिननेटच्या कामाची सवयच आहे, तिचा फायदा घ्या: डेटाबेस लॅपटॉपवरच ठेवा, आणि डेमोचा दोन मिनिटांचा व्हिडिओ रेकॉर्ड करून हाताशी ठेवा. बऱ्याच नवीन लॅपटॉपना प्रोजेक्टर जोडायचं एचडीएमआयचं भोक नसतं, तेव्हा कन्व्हर्टर स्वतःचा न्या. आयोजकांकडे असतो, पण एकच असतो आणि तो दुसऱ्या सभागृहात गेलेला असतो.

सराव मोठ्यानं करा, मनातल्या मनात नको. मोबाइल समोर ठेवून पूर्ण टॉक रेकॉर्ड करा आणि घड्याळ लावा. स्वतःचा व्हिडिओ बघणं कुणालाच आवडत नाही, तरी एकदा बघा. 'म्हणजे', 'ॲक्चुअली' किती वेळा येतं ते कळतं. मग एकदा कॉम्प्युटर न कळणाऱ्या माणसासमोर बोला. वरचा सातबाऱ्याचा टॉक तलाठी कार्यालयात जाऊन आलेल्या कुठल्याही काकांना समजला पाहिजे. त्यांनी मध्येच "मंग जुन्या नोंदीचं काय केलं रे?" असं विचारलं तर तुमचा टॉक जमलाय.

स्टेजवर

तुमच्या आधीच्या टॉकच्या वेळीच त्या सभागृहात जाऊन बसा. मध्यंतरात लॅपटॉप जोडून बघा, नोटिफिकेशन बंद करा. टॉकच्या भर मध्यात घरच्या ग्रुपवरचा 'शुभ दुपार' पडद्यावर झळकू नये. माइक हनुवटीजवळ धरा.

सुरुवातीला आयोजकांचे आभार, स्वतःचा परिचय, 'मी फार मोठा तज्ज्ञ नाही' अशी प्रस्तावना, हे सगळं गाळा. पहिलं वाक्य अडचणीचं असू द्या: "या शेतकऱ्याचं एक एकर वावर आमच्या सॉफ्टवेअरनं एका शून्यापायी वाढवलं." एवढ्यावर सभागृह तुमचं. नाव शेवटच्या स्लाइडवर असतंच.

हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते, हे सगळ्यांचंच होतं. पाणी जवळ ठेवा आणि पहिली दोन मिनिटं अक्षरशः पाठ करा. तेवढी पार पडली की पुढं गाडी आपोआप रुळावर येते. वेळ दाखवणारा स्वयंसेवक समोर पाटी घेऊन उभा असतो. पाच मिनिटांची पाटी दिसली की उरलेल्या स्लाइड पळवत बसू नका, मधल्या सोडून सरळ शेवटाकडे जा.

प्रश्न आला की आधी तो माइकमध्ये पुन्हा म्हणा, नाहीतर व्हिडिओत फक्त उत्तर ऐकू येतं. उत्तर येत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही" म्हणून मोकळे व्हा. एखादा प्रश्न न विचारता स्वतःचंच ज्ञान सांगत सुटतो. असा एक प्रत्येक हॉलमध्ये असतोच. त्याला "आपण बाहेर चहाला बोलू" म्हणायचं आणि दुसऱ्या हाताकडे वळायचं. त्याचा राग धरू नका. चहाला तो खरंच येतो आणि कधी कधी कामाचं बोलतो.

नंतरची कामं

टॉक झाल्यावर अर्धा तास सभागृहाबाहेरच थांबा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटला ते तेव्हा येतात, आणि नोकरीची किंवा कामाची विचारणा झालीच तर ती याच वेळी होते. शेवटच्या स्लाइडवर क्यूआर कोड ठेवला असेल तर स्लाइड आणि कोड त्याच दिवशी गिटहबवर टाका, कारण आठवड्यानं तो कुणी उघडत नाही. भेटलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेसेज करा, काय बोलणं झालं होतं त्याचा उल्लेख करून. नुसत्या 'हाय'ला उत्तर येत नाही.

पैशांचं राहिलं. अशा कॉन्फरन्समध्ये वक्त्याला मानधन सहसा नसतं. वर्डकॅम्पमध्ये तर ते देतच नाहीत. काही ठिकाणी प्रवासखर्च किंवा मुक्काम देतात, तोही बाहेरगावच्या वक्त्यांना आणि आधी विचारलं तरच. निवडीचा ईमेल आला की त्याच उत्तरात विचारून घ्या: किती देता, आधी की नंतर, आणि कागद कोणते लागतील. एसटीचं तिकीट शर्टच्या खिशात धुतलं जातं आणि त्यावरची शाईही लवकर उडते, म्हणून गाडीत बसल्याबरोबर त्याचा फोटो काढा. लॉजवाल्याकडून तारीख आणि शिक्का असलेली पक्की पावती मागा, साध्या चिठ्ठीवर लिहिलेलं चालत नाही. सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये, बँकेच्या तपशिलासह, परतल्यावर आठवड्याच्या आत पाठवा. हिशोब बघणारेही स्वयंसेवकच असतात; उशीर झाला की ते पुढच्या कामाला लागलेले असतात.